झाकलेली बाटली, खोडाचं पाणी

त्या आठवड्यात आमच्या गावात एकच विषय होता, माझी लघवी. सरपंचाच्या निवडणुकीवर झाली नसेल एवढी चर्चा तिच्यावर झाली. दूध डेअरीवर, पिठाच्या गिरणीवर, केळी भरायच्या ट्रकपाशी, जो तो विचारायचा, "झाली का रे त्याची?" माझ्या कोणत्याच कामाची गावानं एवढी वाट पाहिली नव्हती, आणि आता पाहिली तर या कामाची.

माझं खरं काम केळी वाहायचं. सावद्याच्या अलीकडं आमचं गाव. टोळीत एक जण कोयत्यानं घड उतरवतो, मी खांद्यावर घेतो आणि बांधावर आणून ठेवतो. डोक्यानं करायचं काम मला कोणी दिलं नाही, त्यात टोळीचंच भलं होतं. मी चौथीपर्यंत शिकलो असं सांगतो. खरं म्हणजे चौथी दोनदा माझ्यापर्यंत आली, दोन्ही वेळा मी बागेत होतो. सही येते, पण दरवेळी वेगळी येते. बँकेतली बाई पाहते तर तिला वाटतं, या घरात तीन-चार भाऊ आहेत. माझ्या एकूण एक शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग. ते डाग कधी जात नाहीत. बायको म्हणते, "मी तोंडावरून नाही, डागावरून वळखते तुम्हाले."

छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा खांद्यावर घड होता. मला वाटलं, रात्रीची शेवभाजी वर आली. दिवसभर ढेकर काढत बसलो. लोक तोंडावर पाणी मारून चेहरा पाहत होते आणि मी म्हणत होतो, "थांबा, एक मोठा ढेकर येऊ द्या, मग पाहा." ढेकर देऊन हृदय बरं करायला निघालेला मी पहिलाच असेन. शेवटी टोळीनंच मला केळीच्या घडासारखं उचललं आणि जीपमध्ये घातलं.

जळगावला तपासणी झाली. हृदयाच्या तीन नळ्या चोंदलेल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "बायपास करावी लागेल. हृदयाचं मी पाहतो, मला काळजी तुमच्या किडनीची आहे."

मी म्हटलं, "सायेब, मी हृदय घेऊन आलो होतो. किडनी कुठून निघाली?"

ती माझ्याच तोंडातून निघाली होती. घड वाहून खांदा दुखायचा, म्हणून मी दुखण्याच्या गोळ्या खायचो. एक-दोन वर्षं नाही, कित्येक वर्षं. चहासोबत लोक खारी खातात, मी गोळी खायचो. गोळीनं खांदा गप्प बसायचा आणि आत किडनी मार खायची. तिनं कधी तक्रार केली नाही. माझ्या घरात तक्रार न करणारी तीच एक होती, तिलाच मी मारत होतो.

डॉक्टरांनी समजावलं ते मला कळलं तेवढं सांगतो. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवतात. तेवढा वेळ एक मशीन अंगातलं रक्त फिरवतं. मशीन ते मशीनच. किडनीला रोजच्यासारखं रक्त मिळत नाही, ती दचकते. धडधाकट किडनी दचकून पुन्हा कामाला लागते. माझ्यासारखी आधीच थकलेली असली तर बसून घेते.

"बसली तर?"

"तर काही दिवस डायलिसिस. उठलीच नाही तर कायमचं."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. दोघांच्याही मनात एकच माणूस आला. आमच्या टोळीचे मुकादम, नाना.

नानांनी मला खांद्यावर घड कसा घ्यायचा ते शिकवलं. एके काळी हा माणूस बागेत आला की झाडंसुद्धा सरळ उभी राहायची. मग त्यांच्या किडन्या गेल्या. आता एक दिवस आड जळगावला जातात, मशीनवर पडतात, संध्याकाळी पिळून वाळत घातलेल्या धोतरासारखे परत येतात. दिवसाचं पाणी एका फुलपात्रात मोजून घेतात. त्यांची लघवी कधीचीच बंद झाली, जे काय असतं ते मशीनच काढून घेतं. आणि केळं बंद. केळ्यात असं काहीतरी असतं म्हणे, ते चांगल्या किडनीला चालतं, गेलेल्या किडनीला सोसत नाही, सरळ हृदय बंद पाडतं. जन्मभर केळी कापली तो माणूस ओट्यावर बसून भरलेले ट्रक जाताना पाहतो.

मरणाची भीती मला होतीच. नव्हती म्हणणारा मी कोण? पण त्याहून मोठी भीती होती ती नानांच्या शेजारी त्याच ओट्यावर दुसरं फुलपात्र घेऊन बसायची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक पोरगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. म्हणाली, "आबा, मी रिसर्चकडून आलेय."

मी म्हटलं, "रिसर्चचं मला काही देणं नाही ना?"

ती हसली. तिला कुठली विचारलं तर म्हणे नरडाण्याची.

"मंग अहिराणी येस का?"

"येस ना आबा! आमना घरमा बठ्ठा अहिराणीच बोलतस."

आमची बोली तिच्या बोलीहून वेगळी, पण शहरातल्या त्या गार खोलीत ती ऐकून असं वाटलं की भिंतीत कोणी खिडकी पाडली. मी तिला ताई म्हणायला लागलो.

ताईनं सांगितलं की हृदयाच्या ऑपरेशनमध्ये किडनीला सांभाळेल असं एक औषध आहे. सांभाळतं असं वाटतं, पण पक्कं माहीत नाही. म्हणून अर्ध्या पेशंटांना औषध देतात आणि अर्ध्यांना नुसतं सलाइन. कोणाला काय, त्याची चिठ्ठी कम्प्युटर काढतो. ते पेशंटला कळत नाही, ताईला कळत नाही आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाही कळत नाही. बाटलीवर पिशवी घालून झाकलेलं असतं.

मी म्हटलं, "झाकलेली बाटली आमच्या गावात बी मिळते ताई. पण तिच्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत असतं."

ती इतकी हसली की शेजारच्या खाटेवरची माणसं वळून पाहायला लागली. इथंच मी फसलो. माझ्या जोकवर हसणाऱ्या माणसाला मी आजपर्यंत नाही म्हटलेलं नाही. या एका खोडीपायी घरात छत्र्या दुरुस्त करायची दोन मशीनं विकत घेऊन पडली आहेत.

बायकोला मात्र हसू आलं नाही. "म्हणजे अर्ध्या माणसायले नुसतं पाणी देता तुम्ही? जाणूनबुजून?"

"मावशी, बाकीचा इलाज सगळ्यांना पूर्ण मिळतो. त्यात काही कमी करत नाही. हे त्याच्यावरचं आहे."

"मंग वरचं बी सगळ्यायले द्या ना!"

"ते चांगलं आहे का वाईट, तेच तर माहीत नाही अजून."

"माहीत नाही तं देता कायले?"

"माहीत व्हावं म्हणून."

बायको गप्प झाली. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिला गप्प करायला मला जमलं नाही ते या पोरीनं तीन शब्दांत केलं.

वाचता न येणारा माणूस असला की तिथं नियम आहे. घरचाही नाही आणि दवाखान्याचाही नाही असा कोणी साक्षीला बसवावा लागतो. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारी अम्मी होती. तिचा मुलगा शहरात फर्निचर बनवायचा. तो आला, हात पुसून बसला आणि कागदाची ओळन्‌ ओळ मोठ्यानं वाचली. लाकूड घेताना उलटून पालटून पाहतात तसं तो प्रत्येक वाक्य उलटून पाहत होता.

"मध्येच सोडायचं असलं तर?"

"केव्हाही सोडता येतं. इलाजात फरक पडत नाही."

"औषधानं काही बिघडलं तर?"

"तर त्याचा इलाज आमच्याकडं. तो खर्च पेशंटवर नाही."

मग तो माझ्याकडं वळला. "भाऊ, सगळं मीच विचारतोय. खाट तुमची आहे, तुम्ही पण काही विचारा."

मी लई विचार केला आणि विचारलं, "ऑपरेशननंतर मला बोलता येईल ना?"

बायको म्हणाली, "नाही येणार असं लिहून घ्या, मी आंगठा देते."

पण खरं सांगू? झाकलेल्या बाटलीचं मला कळलं होतं, आणि ते बागेतून कळलं होतं. आमच्या एका बागमालकानं एकदा नवीन खत आणलं आणि अर्ध्या बागेला घातलं. कापणीच्या दिवशी आम्हाला विचारलं, "फरक जाणवतो का?" मी घड खांद्यावर घेऊन कमरेत वाकून दाखवलं. "मालक, काय वजन आहे! उचलत नाही!" नंतर कळलं की तो घड बिनखताच्या अर्ध्यातला होता. वजन घडात नव्हतं, मालकानं सकाळी खाऊ घातलेल्या पोह्यांत होतं. माझ्यासारखी माणसं जगात भरलेली आहेत म्हणून बाटली झाकावी लागते. खाऊ घालणाऱ्याला जे ऐकायचं असतं तेच आम्हाला दिसतं.

मी सही केली. बायकोनं विचारलं, "कायले अडकून रायले तुम्ही?" मी छाती फुगवून म्हटलं, "नानासाठी. पुढं कोणाचा नाना होऊ नये म्हणून." बोलायला बरं वाटलं. निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं ताईच्या हसण्याचं होतं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात नळी. जन्मात पहिल्यांदा मला शंभर गोष्टी बोलायच्या होत्या आणि एक बोलता येत नव्हती. बायको काचेपलीकडून पाहत होती. तिचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर एक समाधानही होतं, ते मी ओळखलं. डोक्याशी झाकलेली बाटली लटकत होती. मी तिच्याकडं पाहत पडलो. म्हटलं, बाई, तू जी कोण असशील ती, आता तुझ्यावर आहे.

नळी निघाली तेव्हा कळलं की माझ्या तोंडाकडं कोणी पाहतच नाही. नर्स यायची ती खाली वाकून खाटेला टांगलेली पिशवी पाहायची. डॉक्टर आले की पिशवी. ताई आली की पिशवी. पिशवी जवळजवळ रिकामी होती. माझी किडनी बसली होती.

बायको तेव्हा माहेरी, असोद्याला मुक्कामाला होती. रोज बसनं जळगावला यायची. बसमध्ये बसल्यापासून तिचा फोन वाजायचा. गावाहून दीर, पुतण्या, डेअरीवाला. "झाली का?" भर बसमध्ये ती बाई ओरडायची, "नाही झाली अजून!" कंडक्टर रोजचा होता. तोही विचारायला लागला.

मोठे डॉक्टर म्हणाले, "अजून वाट पाहू. नाही सुटली तर मशीन लावू."

त्यानंतर मी जोक करायचं बंद केलं. ठरवून नाही, सुचतच नव्हते. पडल्या पडल्या एकच दिसायचं. नानांचं फुलपात्र, त्यातलं तळाशी उरलेलं पाणी, आणि ते पिऊ की संध्याकाळसाठी ठेवू असा विचार करणारा त्यांचा हात. एवढा मोठा हात! घड झेलणारा. मला वाटायचं, मी नानांसाठी सही केली म्हणालो, पण माझ्या चिठ्ठीत पाणी निघालं असेल तर? दुसऱ्या कोणाला औषध मिळालं आणि तो आत्ता घरी चालत जात असेल तर? मी त्या न पाहिलेल्या माणसावर जळत होतो. मग वाटायचं, त्यालाही वाटत असेल की आपल्याला पाणीच मिळालं. आम्ही दोघं एकमेकांवर जळत दोन खाटांवर पडलो असू, आणि कोणाचं जळणं बरोबर ते तिसऱ्यालाही माहीत नाही. औषधाच्या माणसाशिवाय पाण्याचा माणूस कामाचा नाही आणि पाण्याच्या माणसाशिवाय औषधाचा. माझ्या खांद्यावरून इतके घड गेले, पण हे वजन नवीन होतं.

मग एका सकाळी नर्स वाकली, आणि वाकलेलीच राहिली. म्हणाली, "आबा, आली."

थोडीच होती. काळ्या चहाच्या रंगाची. पण आली होती. दुपारी अजून आली. बायको भेटायला आली तेव्हा तिनं आधी पिशवीला हात जोडले, मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मी पण आहे इथं." ती म्हणाली, "तुम्ही तं होतेच हो." ताईनं माझ्यासमोर काही दाखवलं नाही, पण दाराबाहेर गेल्यावर तिनं अहिराणीत कोणाला तरी फोन केला. "व्हयनी वं, व्हयनी!" एवढं मला ऐकू आलं. गावाकडं बातमी गेली. डेअरीवर चहा वाटला म्हणतात.

घरी सोडलं तेव्हा किडनी उठून बसली होती, चालायला लागली नव्हती. ताईनं बजावून सांगितलं. दुखण्याची गोळी नाही. मीठ कमी. पाणी मापात. नारळपाणी नाही. आणि केळं नाही. "आबा, केळं म्हणजे एक पण नाही. तुम्ही केळीवाले म्हणून परत सांगते."

मी देवाशपथ एक केळं खाल्लं नाही. गावात शिरताच टोळीनं फण्या आणून दिल्या, मी हात नाही लावला. स्वतःचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. केळीचा घड कापला की ते खोड पुन्हा घड देत नाही. मग ते बुंध्यापासून तोडतात. उरलेल्या बुंध्याच्या मध्ये वाटीसारखा खड्डा कोरायचा आणि वर पान झाकून ठेवायचं. सकाळी तो खड्डा पाण्यानं भरलेला असतो. तुरट, चिकट पाणी. मुतखडा झाला की आमच्या भागात आधी ते पितात, मग डॉक्टर. माझ्या बापानं प्यायलं, सासऱ्यानं प्यायलं. किडनी म्हटलं की खोडाचं पाणी, हे आमच्याकडं पोरांनाही माहीत असतं.

गावानं एकमुखानं सांगितलं, "किडनीचं आहे ना? मंग खोडाचं पाणी घे."

मी माझं डोकं चालवलं. आधीच सांगितलं, ते कोणी मला चालवायला देत नाही. मी म्हटलं, दवाखान्यात चिठ्ठीत औषध निघालं असेल तर बरंच, त्याला हे जोड. आणि नुसतं पाणी निघालं असेल तर तिथलं पाणी वाया गेलं, आता आपलं पाणी. केळं खाऊ नका सांगितलंय, खोडाबद्दल कोणी काही बोललेलं नाही. केळं वर असतं, खोड खाली असतं. वकीलसुद्धा याहून चांगलं मांडू शकला नसता.

बायको म्हणाली, "एक फोन करून ताईले विचारा."

"विचारलं तर ती नाही म्हणेल," मी म्हटलं. एवढी अक्कल होती बघा.

सकाळी तांब्याभर प्यायला लागलो. पण नानांसमोर नाही. त्यांच्या किडन्या गेलेल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आपण किडनीचं औषध ढोसायचं, हे मला उपाशी माणसासमोर ताट वाढून घेतल्यासारखं वाटायचं. म्हणून घरामागं, गोठ्याच्या आडोशाला उभं राहून प्यायचो. नाना ओट्यावरून हाक मारायचे, "कसं आहे भो?" मी तोंड पुसून बाहेर यायचो. "चांगलं आहे नाना."

काही दिवसांत पाय जड झाले. जिना चढताना मांड्यांत जीव नाही. छातीत मधूनच धड्‌धड् करून एक ठोका चुकायचा. मी बायकोला म्हटलं, "पाहिलं? औषध भिनतंय."

तपासणीच्या दिवशी मी एक बाटली भरून घेतली. ताईसाठी. म्हटलं, ही एवढी किडनीची माणसं, यांना आमचं औषध माहीत नसेल. बाटली स्वच्छ धुतली. आणि शपथेवर सांगतो, वरून कागद गुंडाळून झाकली पण. जोक म्हणून. ताई हसेल म्हणून.

रक्त दिलं. बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळानं ताई आली ती पळत आली. चाकाची खुर्ची घेऊन दोघं जण मागं. मला उचललं, छातीला वायरी चिकटवल्या, हातात सुई. मोठे डॉक्टर धावत आले. मी म्हटलं, "काय झालं? मी तर चालत आलो!"

ताईनं खाली वाकून विचारलं. तिचा आवाज शांत होता, पण अहिराणी निघाली, म्हणजे घाबरली होती. "आबा, खरं सांगा. काय खादं तुम्हीन? काय पिनात?"

मी पिशवीतून बाटली काढून तिच्या हातात दिली. "तुमच्यासाठीच आणली आहे."

तिनं कागद काढला. वास घेतला. डॉक्टरांनी वास घेतला.

"हे काय?"

"खोडाचं पाणी. किडनीला चांगलं असतं."

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "केळ्यात जे असतं म्हणून केळं बंद केलं, तेच ह्यात भरलेलं आहे, आणि तुम्ही ते तांब्यानं प्यालात! मी टाके घालून तुमचं हृदय चालू केलं. तुम्ही ते खोडानं बंद करत होतात!"

त्या दिवशी मला साखरेचं सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली, आणि मशीन खाटेच्या शेजारी आणून ठेवलं. डायलिसिसचं मशीन. नानांचं मशीन. ते लावलं नव्हतं, नुसतं उभं होतं, दारात पाहुणा उभा असतो तसं. बायको पायाशी बसली होती. ती एक शब्द रागानं बोलली नाही, तेव्हा मला कळलं की किती वाईट आहे. मी झोपलो नाही. मशीनकडं पाहत होतो.

मशीन तसंच परत नेलं. रक्तातलं ते विष उतारावर आलं. दुसऱ्या दिवशी ताई आली तेव्हा मी मान खाली घालून म्हटलं, "आता मला काढून टाकाल ना रिसर्चमधून? तुमचा बठ्ठा हिशोब बिघडवला मी."

"नाही आबा. काढणार नाही."

"का? वेड्या माणसाचं काय धरता?"

ती स्टुलावर बसली. "वेडेपणा करणाऱ्यांना काढत गेलो तर शहाण्यांपुरतंच औषध उरेल. ते घेणारी माणसं घरीच जाणार ना? घरी काय काय करतात, ते सगळं धरूनच औषध पारखायचं. तुम्ही ज्या बाजूला होतात त्याच बाजूला राहणार. झालं ते झालं तसं लिहिलंय."

"म्हणजे माझा बावळटपणा पण औषधाच्या खात्यात?"

"औषधाच्या नाहीतर पाण्याच्या," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिनं मला हसवलं.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा ती एका नवीन माणसाला समजावत होती. रावेरकडचा होता. मी दारात थांबून ऐकलं. नारळपाणी नाही, केळं नाही, "आणि खोडाचं पाणी पण नाही, आबा, अजिबात नाही." तो माणूस म्हणाला, "ते कोण पितं?" ताईनं दाराकडं पाहिलं नाही. मीही खोकलो नाही.

माझी किडनी पूर्वीइतकी झाली नाही. पण चालते. डॉक्टर म्हणाले, जपलंत तर मशीन लागणार नाही. घड वाहणं बंद झालं. आता बांधावर बसून घड मोजतो, म्हणजे शेवटी डोक्याचं काम मिळालं. मोजणी चुकते, टोळी परत मोजते. औषधाचा निकाल अजून आलेला नाही. किती तरी गावांच्या माणसांचं गोळा होईल, मग बाटल्यांवरचं झाकण निघेल.

खोडाच्या पाण्यातून बचावून जळगावहून सुटलो, त्या दिवशी मी सरळ नानांच्या ओट्यावर गेलो होतो. ते नुकतेच मशीनवरून आले होते, भिंतीला टेकून बसले होते. फुलपात्र बाजूला. मी सगळं सांगितलं, गोठ्याआडच्या तांब्यापासून मशीन परत नेलं तिथपर्यंत. हसता हसता नानांना खोकला आला.

"मूर्खा, मी रोज समोर बसलेलो होतो. पहिल्या दिवशीच सांगितलं असतं, खोडाचं पाणी आपल्याले विष आहे. अख्ख्या गावात एका माणसाले माहीत होतं, आणि तू त्याच्यापासून लपून पीत होता!"

"तुम्हाले वाईट वाटेल म्हणून, नाना."

"तू गेला असता तं लई चांगलं वाटलं असतं का?"

रस्त्यानं ट्रक गेला, केळीनं भरलेला. नानांनी तो वळणापर्यंत पाहिला.

"तुले काय वाटतं भो? तुह्या बाटलीत औषध होतं का पाणी?"

"माहीत नाही, नाना."

"औषध असलं पाहिजे," ते म्हणाले. "औषध असू दे. मंग पुढच्यायले भेटंल."

पाण्याचा असलो तरी पुढच्यांना ते माझ्यामुळंही कळेल, हे मला सांगायचं होतं. पण ते मला अजून स्वतःलाच नीट सांगता येत नव्हतं. आणि तेवढ्यात मला लागली. डॉक्टरांनी लघवी सुटायला दिलेली गोळी तशीच आहे, लागली की थांबत नाही. मी उठलो. नानांना कळलं कशासाठी ते. मला लाज वाटली, पूर्वी गोठ्यामागं वाटायची तशीच.

"बसा नाना, आलोच."

"जा, जा." त्यांनी फुलपात्र उचललं, आत पाहिलं, परत ठेवलं. "जा भो. माह्या वाटची बी करून ये."

ते हसले. जोक माझ्याहून चांगला होता. मी समोरच्या बागेच्या बांधाला जाऊन उभा राहिलो. पुढं तोडलेल्या खोडांची रांग होती, बुंध्यांतून पाणी झिरपत होतं. बराच वेळ मला नाड्याची गाठच सुटेना.